बँकेचा माणूस सापगावात आला तेव्हा

नव्वदच्या दशकात वाशिंदला फ्लॅट घ्यायचा म्हणून मी गृहकर्जाचा अर्ज केला. पगाराच्या स्लिपा, रेशनकार्ड, कंपनीचं पत्र, सगळं दोन-दोनदा देऊन झालं होतं. तरी बँकेचा माणूस पत्ता तपासायला आमच्या गावी, सापगावला आलाच, तोही मी ड्युटीवर, बायको शेतावर आणि घराला कुलूप असताना. त्याने शेजारच्या काकांकडे माझी चौकशी केली. आमच्याकडे बॅगवाला अनोळखी माणूस कोणाचं नाव घेऊन आला, की तो वसुलीचा नाहीतर कोर्टाचा, हे ठरलेलं. काका म्हणाले, "असा कोणी नाय राहत इथं."

पत्ता खोटा म्हणून अर्ज परत आला. मी चिडून काकांकडे गेलो, तर ते खुशीत. "वाचवला रे तुला!" आता यांच्यावर काय ओरडायचं? त्यांना सगळं समजावलं आणि पुन्हा अर्ज केला.

दुसऱ्या खेपेला रजा टाकून घरीच थांबलो. तोच माणूस पुन्हा आला आणि माझ्यासमोरच त्याने काकांना विचारलं, "हे इथेच राहतात ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "राहतो की. जन्मापासून. आता तुमीच नेताय त्याला वाशिंदला."

त्याने कागदावर बरोबरची खूण केली.