हो की नाही, एवढंच बोल
आमचे हे घटस्फोटाचे वकील. उलटतपासणीत भल्याभल्यांना रडवायचे. आता वकिलांनाच शिकवतात, की नवरा-बायकोला एका टेबलाशी बसवा, कोर्टाबाहेर सामोपचाराने मिटवा.

परवा मीही यांचा वर्ग बघायला गेले होते. सरावासाठी यांनी नवऱ्याचं सोंग घेतलं, बायकोचं एका नवख्या वकील मुलीनं. बघता बघता यांचा पारा चढला. “हो की नाही, एवढंच बोल!” म्हणत टेबलावर हात आपटला. पोरीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून टाळी पडली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. एक विद्यार्थी म्हणाला, “कसं बोलू नये, ते सरांनी काय हुबेहूब दाखवलं!”

यांनी हसून मान डोलावली. मला मान वर करवेना. घरीही हे असेच बोलतात, आणि चारचौघांत मीच मेली सावरून घेते. ती पहिली टाळी माझी होती.