व्याह्यांची हिरवी नाव

आमच्या व्याह्यांइतकी जहाजं उभ्या धाराशिव जिल्ह्यात कुणी बांधली नसतील, आणि त्यांच्याइतका पाण्यापासून लांब राहिलेला माणूसही सापडायचा नाही. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. लग्न ठरलं तेव्हा मी मोठी शहाणी, तुळजापुरात बांगड्या भरता भरता कासारणीला सांगून आले होते की आमचे व्याही जहाज हाकतात. प्रत्यक्षात ते जहाजाच्या कारखान्यात संगणकापुढं बसत. कुठला पत्रा आला, कुठला जोडला, कुणाचं काम कुणापायी अडलं, हे कामगारांनी कळवायचं आणि यांच्या यंत्रणेतून ते साहेबाला पडद्यावर दिसायचं. झालेलं हिरवं, अडलेलं लाल. "खबर वेळेवर मिळाली की जहाज वेळेवर पाण्यात उतरतं, विहीणबाई," असं ते सांगत. स्वतः मात्र जन्मात एकाही जहाजात बसले नव्हते.

निवृत्त होऊन तुळजापूरला आले तरी यंत्रणा सुटली नाही. आमच्याकडं माकणीला आले की भाकरी तव्यावर असतानाच "सद्यस्थिती काय?" म्हणून चुलीपाशी डोकवायचे. मी म्हणायचे, "एक बाजू झाली, दुसरी तुमच्याशी बोलण्यात जळतीय. सरका." मागच्या साली आमच्या माकणीच्या धरणावरच्या ज्ञानोबा भोयाची नाव फुटली. पावसाळ्यातली बंदी उठून मासेमारी उघडायच्या आत नवी पत्र्याची नाव झाली नाही, तर त्याला दुसऱ्याच्या नावेवर मजुरीनं जावं लागणार होतं. व्याही एकदम उजळले. वेल्डर, रंगारी आणि ज्ञानोबा यांचा त्यांनी फोनवर गट केला. रोज संध्याकाळी हिरवं की लाल ते कळवायचं, आणि पहिल्या फेरीला नावेत व्याही बसणार. रोज हिरव्या खुणा यायच्या आणि व्याही तुळजापुरात बसून खूश.

ठरल्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते नावेत बसले. काठापासून हाकेच्या अंतरावर गेले नसतील, तोच खालून पाणी आलं. ओढून काढलं तेव्हा व्याही कमरेपर्यंत भिजलेले. तळाचा एक सांधा जोडायचाच राहिला होता आणि रंगाऱ्यानं त्यावरून झकास रंग दिला होता. मी वेल्डरला धारेवर धरलं. तो म्हणाला, "गावच्या पाव्हण्याला न्हाय कसं म्हनावं, काकू? म्या म्हनलं, नाव उतरस्तोवर करून टाकू." ज्ञानोबा म्हणाला, "दोघंबी हिरवं म्हनत्यात, मंग आसंल हिरवं."

व्याही रागावले नाहीत. सदरा पिळत म्हणाले, "आमच्या कारखान्यात तरी सगळं खरं कळवत होते का, कोण जाणे." आणि त्यांनी नवा नियम केला: लाल कळवील त्याला त्यांच्यातर्फे चहा. दुसऱ्या दिवसापासून गटात नुसता लालभडक बाजार. वेल्डिंगच्या कांड्या संपल्या, वीज गेली, रंग वाळेना. पण कळलं म्हणून कांड्या त्याच दिवशी तालुक्याहून, लोहाऱ्याहून आल्या, आणि मासेमारी उघडली तेव्हा नाव पाण्यात होती. व्याही धरणाच्या मध्यापर्यंत जाऊन आले. फोन त्यांनी खिशातून काढलासुद्धा नाही. उतरल्यावर एवढंच म्हणाले, "बरं वाटलं."

यंदा ते आलेच नाहीत. परवा फोन केला.

"तब्येत कशी, व्याही?"

"सगळं हिरवं, विहीणबाई."

मीही याच गावची. दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून दिलेलं उत्तर मला ओळखू येतं. म्हटलं, "लाल कळवलं तर चहा आहे."

पलीकडं त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाले, "लाल आहे."

मी आल्याचा चहा करून थर्मासात भरला आणि एसटी गाठली. तुळजापूर येईस्तोवर तो कोमट होणार, हे ठाऊक होतं. पण नियम त्यांचाच होता.