डोक्यावरची रेघ

मी गावाकडची सातवी पास. धाकटी जाऊ लग्न होऊन इकडे सुरतेत, उधन्याला आली तेव्हा अंगठा उठवायची. गल्लीत बायकांसाठी दुपारचा गुजराती लिहा-वाचायचा वर्ग निघाला तेव्हा दोघींनी नावं घातली खरी, पण पुढे मीच जाणार हे मी धरूनच चालले होते.

वर्षअखेरीच्या परीक्षेत ती पास, मी नापास! शिकवणाऱ्या बेन श्रुतलेखन घालायच्या. गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. जाऊचा हात कोरा, ती भराभर सुटायची. माझा हात शब्द झाला की वर रेघ ओढल्याशिवाय पुढे सरकतच नसे, तोवर बेन दोन वाक्यं पुढे. "बेन, आ लीटी काढी नाखो," ही रेघ सोडा, असं मला सांगून सांगून त्या थकल्या.

जळले मी. खोटं कशाला बोलू? सासऱ्यांनी तिचं सर्टिफिकेट भिंतीला लावलं, तर मी त्या भिंतीकडे पाठ करून भाकरी थापायची. त्याच आठवड्यात तिच्या मायचं गावाहून पत्र आलं. मराठी तिला वाचता येत नसे, मीच वाचून दाखवायची. "हात कामात आहेत," म्हणत मी तिला चार दिवस लटकवलं. रोज पत्र घेऊन दारात यायची बिचारी.

मग मी हट्टालाच पेटले. साड्यांना टिकल्या चिकटवून झाल्या की रोज दोन पानं, रेघ न ओढता. विद्येची हौस कसली, हिला गाठायचं होतं, बस! दुसऱ्या वर्षीही आपटले. तिसऱ्या वर्षी हात ऐकायला लागला आणि पास झाले.

पेढे खाता खाता जाऊ म्हणाली, "जिजी, आता मला मराठी शिकवा. माझ्या मायचं पत्र दर वेळी तुम्हीच आधी वाचता. लई हेवा वाटतो तुमचा."

माझा? दुसऱ्या दिवसापासून मी तिला शिकवायला बसले.

दोन महिन्यांत शिकली की हो! पुन्हा जळले, काय करू. मायला लिहिलेलं पहिलं पत्र तिनं तपासायला दिलं. सगळं बरोबर, पण एकाही शब्दावर रेघ नाही.

"रेघ लागते गं."

"माझा हात विसरतो. तुम्हीच ओढा ना, तुमची सरळ येते."

पेन घेतलं तर हात अडला. दोन वर्षं त्याला रेघ विसरायला लावणारी मीच. 'माय'वरची पहिली रेघ वाकडी आली.

"चालशे," ती म्हणाली.