जावयाचा हिवाळा

आमचे मामा माणसांच्या लग्नांना कधी वेळेवर पोचले नाहीत, पण कोल्ह्यांची लग्नं त्यांनी सव्वीस वर्षांत एकदाही चुकवली नाहीत. प्राण्यांच्या संशोधन केंद्रात नर कोल्ह्यांची शेड त्यांच्याकडे होती. कोल्हा माजावर येतो तो थंडीतले दोनेक महिने, आणि मादी तर जेमतेम तीन दिवस राजी असते. उरलेलं वर्ष हे नर नुसते खातात आणि रुसतात, म्हणून मामा त्यांना जावई म्हणत.

दर आठवड्याला डॉक्टरबाई प्रत्येक जावयाचं रक्त काढून हार्मोन मोजत. मामांना हा पोरखेळ वाटे. "मुताचा वास घेतला की कळतं. सुई कशाला?" यावर मामी म्हणे, "कोल्ह्याच्या मनातलं यांना वासावरून कळतं. मला ताप आला तर थर्मामीटर दाखवावा लागतो."

अकरा नंबरच्या जावयावर मामांचा भारी जीव. मागच्या थंडीत त्याला न्यूमोनिया झाला आणि आकडा चढलाच नाही. यंदाही नाही चढला तर त्याचं नाव पैदाशीच्या यादीतून काढणार होते, आणि यादीतून काढलेल्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन देत. मामांनी कंबर कसली. रोज दोन अंडी, पोत्याचं अंथरूण, आणि दिवस लहान व्हायला लागल्यावर उबेसाठी पिंजऱ्यावर मोठा बल्ब. घरी जाताना लावायचा, सकाळी बाई यायच्या आत विझवायचा.

बाकीचे जावई एकेक करून पेटले. भुंकायला लागले, जाळीवर मुतायला लागले, एकमेकांवर दात विचकायला लागले. अकरा नंबर मात्र गुबगुबीत, तुकतुकीत आणि साधूसारखा शांत. त्याचा आकडा तळालाच.

बाईंनी इंजेक्शनचा कागद पुढे ओढला. "नवल आहे," त्या म्हणाल्या. "असा आकडा मी फक्त उन्हाळ्यात पाहिलाय. अंधार वाढत गेला की यांच्या शरीराला थंडी कळते, मग हार्मोन चढतं. दिवा जळत राहिला तर कोल्ह्याला हिवाळा येतच नाही."

मामांना पिंजऱ्यावरचा बल्ब आठवला. न विचारता पिंजऱ्यात काही बदललं तर नोकरी जायची, आणि निवृत्तीला पाच महिने होते. गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"बाई, दिवा मी लावला," मामा म्हणाले. "त्याला थंडी वाजू नये म्हणून."

जावयाला एक वर्ष मिळालं. मामांची नोकरी वाचली, पण शेडची किल्ली गेली आणि रवानगी खाद्याच्या कोठारात झाली. कोल्हा काकडीला राजी असेल, मामा कोठाराला राजी नव्हते. मामीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तीस वर्षांत मला कधी विचारलंत, थंडी वाजते का?"

पुढच्या थंडीत निवृत्त मामा परवानगी काढून शेडमध्ये गेले. अकरा नंबरचा आकडा सगळ्यांच्या वर होता. मामांनी सवयीने जाळीतून बोटं आत घातली. जावयाने वास घेतला आणि कचकन चावा घेतला.

बोट रुमालात गुंडाळून मामा घरी आले, तेव्हा मी मामीपाशी बसले होते. "ओळखलं नाही गं त्याने," ते म्हणाले, आणि चक्क रडले. मामी हळद शोधायला उठली. मामांनी रुमाल सोडून बोट माझ्यापुढे धरलं.

"पण दात बघ कसे रुतलेत," ते म्हणाले. "काय जोर आलाय त्याला."