ऊस पेटवण्याचं इंग्रजी

“पोरीला इंग्रजीतच लिवू दे. मराठी त्याला वाचाया येतंय की,” चुलते माजघरात चुलतीला म्हणाले. मी दाराशीच होते. पण उंब्रजच्या त्या घरात माझं असणं कुणाच्या फारसं लक्षात येत नसे.

‘त्याला’ म्हणजे उसाला पाणी पाजणाऱ्या गड्याला. दहावी झालेला, रोज पेपर वाचणारा माणूस. तो बाहेर ओट्यावर बसला होता.

आदल्या दुपारी चुलत्यांचा ऊस जळाला होता. जळका ऊस कारखान्याला लगेच तोडावा लागतो, म्हणून तोड लांबली की आमच्याकडचे काही शहाणे स्वतःच काडी लावतात. चुलत्यांनीही लावली. मी गच्चीवरून पाहिलं. पण मालकानं पेटवल्याचं कळलं तर कारखाना तो ऊस मुद्दाम मागं ठेवतो. म्हणून सकाळीच त्यांनी एसटीडी बूथवरून कारखान्याला फोन करून टाकला: गड्याच्या बिडीनं पेटला. आता कागद हवा होता.

“लिही, मी बिडीनं ऊस पेटवला. खाली त्याची सही.”

मी ‘सेट फायर’ लिहिलं. चुलत्यांना ते पोरकट वाटलं. फौजेत सतरा वर्षं काढल्यानं आपल्याला इंग्रजी कळतं, असा त्यांचा समज होता.

“इग्नाईट घाल. जड पायजे. साहेब उठून उभा ऱ्हायला पायजे.”

इग्नाईट इंजिनात होतं, प्रयोगशाळेत होतं, फार तर भाषणात. बिडी ओढणारा माणूस तसं म्हणत नाही. पण चुलत्यांच्या लेखी इंग्रजी शब्द म्हणजे छातीवरचं पदक. मोठं लावलं की खोटंही खरं. साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत मला बारा वर्षं ठेवलं ते बहुधा या अर्जासाठीच. मी मुकाट्यानं इग्नाईट लिहिलं. माझा तिरस्कार नेहमी असाच वळणदार अक्षरात संपायचा.

ओट्यावर चुलत्यांनी कागद त्याच्यापुढं धरला. “कर सही. ऊस जळाल्याचं लिवलंय, दुसरं काय न्हाई.”

“आवं तात्या, पर इंग्रजीत कशापायी?”

“कारखान्याच्या साहेबाला मराठी येत न्हाई.”

साहेब तासगावचा होता.

गड्यानं पेन घेतलं. माझ्याकडं बघून हसला. “ताईंनी लिवलंय म्हंजे बरूबरच असंल.”

“सही करू नका,” मी म्हणाले. “ऊस तुम्ही पेटवला असं लिहिलंय यात. पेटवला तात्यांनी. मी बघितलंय.”