वाकड्या मानेचा पहिलवान

मान डावीकडे अडकेपर्यंत सावद्याच्या तालमीत मला कोणी पहिलवान म्हणत नव्हतं. मी नुसता 'आबांचा पोरगा' होतो. आबा म्हणजे माझे वडील, केळीच्या बागेचे मालक. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि गावातल्या प्रत्येक तरुणाला देशासाठी शरीर कमवायची घाई झाली होती. माझं शरीर सकाळी तालमीत जेवढं कमावलं जाई, तेवढं दुपारी बागेतली केळी खाऊन सुटे.

मान अडकली ती बागेतच. मजुरांना ताकद दाखवावी म्हणून मी एकाच खांद्यावर केळीचे दोन घड घेतले. (एकही जास्तच होता. मजूरही तेच सांगत होते.) मानेत कट्‌ असा आवाज झाला, तोंड डावीकडे वळलं आणि तिथेच राहिलं. दुसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या डाव्या बाजूच्या काकू आईकडे तक्रार घेऊन आल्या, "अक्का, तुमचा पोरगा जाता जाता आमच्या घरात पाहू राह्यला." मी येताना समोरचं घर डावीकडे येई. संध्याकाळी त्यांचीही तक्रार आली.

तालमीतून सुट्टी मागायला गेलो, तर आमचे वस्ताद, नाना, म्हणाले, "मान अडकली ना? हातपाय त् नाही अडकले? उतर हौद्यात."

हौद्यातल्या मातीत उतरलो, आणि चमत्कार झाला. कुस्तीत समोरच्याच्या डोळ्यांवरून त्याचा डाव ओळखतात. माझे डोळे भिंतीवरच्या मारुतीवर खिळलेले. मी काय बघतोय म्हणून जोडीदारही मारुतीकडे वळला, तेवढ्यात मी त्याचा पाय ओढला. दुसऱ्याला वाटलं, हा आपल्याकडे बघण्याचीसुद्धा तसदी घेत नाही. तो चिडून अंगावर आला आणि स्वतःच्याच जोराने पालथा पडला. आठवडाभरात तालमीतला एकही गडी माझ्यासमोर उभा राहायला तयार होईना.

"यात्रेपोत या मानेले कोनी हात लावायचा नाही," नानांनी फर्मान काढलं. गावची यात्रा आणि तिच्यातल्या कुस्त्या जवळ आल्या होत्या.

घरी मात्र आई विटा तापवून शेकत होती. कारण तसंच होतं. दोंडाईच्याचं एक स्थळ होतं. मुलगी मी एका लग्नात पाहिली होती आणि मला ती मनापासून आवडली होती. तिचे वडील, भाऊ, जुने पहिलवान. त्यांनी निरोप धाडला होता, "यात्रानी कुस्ती जिकी लेवो, मंग पोर तुम्हनी." म्हणजे माझं लग्न आता माझ्या मानेवर अवलंबून होतं. आईला ती सरळ हवी होती आणि नानांना वाकडी.

भाऊंची बहीण सावद्यातच दिलेली. यात्रेच्या आदल्या दिवशी भाऊ मुलीला घेऊन तिच्याकडे उतरले आणि आमच्या ओसरीवर चहाला आले. नानाही आले होते. भाऊ माझ्या उजवीकडे बसले. मी त्यांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर डावीकडे बांधलेल्या म्हशीला आदराने देत होतो. शेवटी भाऊंनी आईला विचारलं, "पोऱ्या मनाकडे देखत का नही?"

आईने उसणीची हकिकत सांगितली. भाऊ खूश झाले. "एवढंच ना? मनी पोर पायाळू शे! बठ्ठा दोंडाईचानी उसण ती काढस."

पायाळू म्हणजे जन्मताना जिचे पाय आधी आले ती. तिची लाथ लागली की उसण जाते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. नानांचा चहा बशीतच राहिला. "राहू द्या ना भाऊ, यात्रा त् होऊ द्या," ते काकुळतीला येऊन म्हणाले, पण का ते सांगण्याची सोय नव्हती. मला पाटावर बसवलं. मुलगी उजवीकडून आली, त्यामुळे मला काहीच दिसलं नाही. रीत नुसता पाय टेकवण्याची असते. तिने रीतीपेक्षा बरंच जास्त केलं.

कट्‌! मान सुटली. मी वळून त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणालो, "फार उपकार झाले." नाना टोपी घालून निघून गेले.

यात्रेत सलामी झाली. मी जोडीदाराकडे सरळ पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या मनात काय आहे ते त्याला तत्काळ कळलं. (पळून जावं, एवढंच होतं.) हलगीवाल्याचा हात नीट बसायच्या आत मी आभाळ बघत होतो. मला हरल्याचं काही वाटलं नाही, मुलगी गेली म्हणून मात्र रडू आलं.

संध्याकाळी भाऊ मुलीला घेऊन नकार द्यायला आले. जाता जाता रीत म्हणून त्यांनी मुलीला विचारलं, "तुले काय वाटस?"

ती खाली मान घालून म्हणाली, "मनी लाथ खाईसन बी ज्यानी हात जोडात, आसा नवरा आखो कोठे भेटी?"

भाऊ नकार न देताच परतले. उन्हाळ्यात आमचं लग्न झालं.

मान अजूनही अधूनमधून धरते. पण मी घरात कुणाला कळू देत नाही. ज्या बाजूला अडकली असेल, त्या बाजूला काहीतरी महत्त्वाचं बघतोय असं दाखवत दिवसभर बसून राहतो.