फुलाबाईचा विलायतेतला राब

पासलीची फुलाबाई विलायतेला निघाली तेव्हा गाव म्हणालं, आता ही खुर्चीत बसून चहा पिणार. फुलाबाईने मात्र लुगड्याच्या घडीत आंबेमोहराचं बियाणं गुंडाळून घेतलं. नवरा कुंडलिक तिकडे एका कारखान्यात ओतकामाला लागला होता, आणि एकोणसत्तर साली त्याने बायको-पोरांना बोलावून घेतलं.

हिवाळाभर नुसती थंडी. सूर्य यायचा तो भांडून गेलेल्या पाहुण्यासारखा, दारातूनच परत. थोरला बंडू शाळेत तोंड उघडेना. धाकटी सुलू काचेला नाक लावून गल्लीतल्या पोरांचा खेळ बघत बसे. शेवटी फुलाबाईने नवऱ्याला सांगूनच टाकलं.

"अवं, म्या हितं राब भाजनार. भात आला तर ऱ्हाईन. न्हाई आला, तर पोरं घिऊन पासलीला जानार."

"अगं, हितं भात येत न्हाई."

"कुनी लावून बघितलाय?"

इतकी वर्षं एकट्याने जेवून कुंडलिक कंटाळला होता, आणि आता पुन्हा तेच नशिबी येणार असं दिसत होतं.

राब म्हणजे आमच्या पासली-वेल्ह्याकडची रीत. भाताचं बी टाकायच्या आधी जमिनीवर शेण, पाला, काटक्या पसरायच्या, वर माती लोटायची आणि सगळं धुमसत भाजायचं. त्याचा धूर डोंगरभर होतो आणि कुणी नाक मुरडत नाही.

विलायतेत शेण कुठलं? पण गल्लीत घोडागाडी घेऊन भंगारवाला येई. घोड्याने शेपूट उचललं की फुलाबाई पाटी घेऊन हजर! भंगारवाला पुढेपुढे तिला टोपी काढून सलाम करू लागला.

शाळेच्या सुट्टीत एका सोमवारी लख्ख ऊन पडलं आणि फुलाबाईने परसात राब पेटवला. सोमवार हा तिथल्या बायकांचा कपडे धुवायचा वार, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. धूर उठला तो थेट गल्लीभर वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरींत शिरला. शेजारची डोरीन किंचाळली, कुणीतरी फोन केला आणि घंटा बडवत आगीचा बंब दारात!

धिप्पाड गडी नळी घेऊन परसात घुसले. फुलाबाई पदर खोचून राबापुढे आडवी.

"मुडद्यांनो, पानी नगं! राख वाहून जाईल माजी!"

त्यांना काय कळणार? राब गेला की भात गेला, आणि भात गेला की इथला संसार गेला. फुलाबाईला रडू फुटलं. तेव्हा हिवाळाभर मुका राहिलेला बंडू पुढे आला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "नो वॉटर! माय मदर ग्रो राइस!"

गडी थबकले. त्यांच्या म्होरक्याने धुराकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि तो असा खदखदून हसला की नळी हातातून निसटली आणि डोरीनला डोक्यापासून अंघोळ! डोरीन आधी रागाने लाल झाली, मग तीही पोट धरून हसली. बंडू-सुलू बंबावर चढले, मागून गल्लीतली सगळी पोरं, आणि घंटेने नुसता उच्छाद मांडला. फुलाबाईने आख्ख्या गल्लीच्या चादरी गोळा करून ओढ्यावर धोपटाव्यात तशा धोपटून दिल्या.

पुढे लावणीला तीच पोरं परसातल्या चिखलात अनवाणी उतरली. सुलू त्यांना मराठीत दटावत होती आणि पोरं ऐकत होती.

भात कमरेएवढा झाला, पण दाणा एकही भरला नाही. फुलाबाई वाळकी काडं कापायला बसली. कुंडलिक मागे उभा. भात नाही आला तर पासलीला जाणार, हा तिचा शब्द त्याला आठवत होता, पण तो विषय काढायचं धाडस होईना. तेवढ्यात कुंपणापलीकडून डोरीनने बंडूला काहीतरी विचारलं.

"आये, ती इचारतीया, पुढच्या साली राब कवा भाजनार? तिला आदी चादरी काडून घ्यायच्यात."

"सांग तिला, शिमगा झाला की," हात न थांबवता फुलाबाई म्हणाली. "औंदा बी टाकाया उशीर झाला, म्हनून दाना भरला न्हाई."

कुंडलिकने घरातून सुरी आणली आणि तिच्या शेजारी कापायला बसला.